हात आत जाण्याआधी : कारखान्यातल्या अपघातांबद्दल वाचकांचे प्रश्न

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ची. त्या तारखेला कारखान्याकारखान्यांत छातीवर बिल्ले लागतात, शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते. त्यानिमित्ताने आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा घोषवाक्याबद्दल एकानेही विचारलं नाही. विचारलंय ते पिन क्लच, कटिंग डिस्क आणि फुटक्या पत्र्यांबद्दल, आणि बरंच झालं. हेल्मेट, बूट, चष्मा हवेतच. पण ती शेवटची फळी. त्याच्या आधीच्या फळ्यांबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : आमच्या शॉपमध्ये ३० आणि ५० टनी जुने पॉवर प्रेस (पत्रा कापून-दाबून आकार देणारी यंत्रं) आहेत. सगळे पिन क्लचचे, पेडलवर चालणारे. ज्या कंपनीचं जॉबवर्क करतो तिच्या ऑडिटरने लाइट कर्टन बसवा असा शेरा मारलाय. खर्चाची तयारी आहे, पण खरंच बोटं वाचतील का?
— प्रेस शॉपचालक, भोसरी

उत्तर : या प्रेसवर नाही वाचणार. लाइट कर्टन म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा; तो हात आल्याचं ओळखतो आणि प्रेसला थांबायला सांगतो. थांबवणं हे क्लच-ब्रेकचं काम. न्यूमॅटिक (हवेच्या दाबाचा) फ्रिक्शन क्लच मध्येच सुटतो, म्हणून तिथे रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) अर्ध्यावर थांबू शकतो. पिन क्लच एकदा फ्लायव्हीलमध्ये (सतत फिरणाऱ्या जड चाकात) अडकला की क्रँकचा (रॅम हलवणाऱ्या दांड्याचा) फेरा पुरा झाल्याशिवाय सुटत नाही. कर्टनचा दिवा लाल होईल आणि पंच खाली येईलच. वर ऑपरेटरच्या मनात 'आता पडदा आहे' हा भरवसा बसेल, तो वेगळाच.

दोन हातांनी दाबायच्या बटणांचंही या प्रेसवर असंच होतं. हात झटकन पुढे जातो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. प्रेस मिनिटाला ५० स्ट्रोकचा असेल तर एका फेऱ्याला १.२ सेकंद लागतात. पिन अडकायची खाच एकच असेल, तर बटण दाबल्यावर ती खाच समोर येईपर्यंतच १.२ सेकंद जाऊ शकतात. पुढे रॅम तळाला पोचायला आणखी ०.६. या १.८ सेकंदांत बटण सोडलेला हात जवळजवळ तीन मीटर अंतर कापेल. म्हणजे बटणं डायपासून (खालच्या साच्यापासून) तीन मीटरवर बसवायला हवीत, आणि तशी कोणी बसवत नाही.

उरतो तो जुनाच आणि स्वस्त उपाय : डायला चारी बाजूंनी बंद पिंजरा. जाळीचा करा किंवा पॉलिकार्बोनेटचा करा, पण पत्र्याची पट्टी आत सरकवायची फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका. त्यातून बोटाचं टोक जात नाही. पिंजरा पान्याशिवाय निघणार नाही असा बोल्टने आवळा. बिजागरीवर उघडणारा ठेवला तर दुपारच्या जेवणानंतर तो उघडाच राहतो. सुटे ब्लँक (आधीच कापलेले पत्र्याचे तुकडे) घालायचे असतील तर बाहेर भरून आत ढकलायची सरकती डाय, किंवा घसरत जाईल असा उतार. तेही जमत नसेल तर चिमटा नाहीतर चुंबकाची दांडी; मात्र हात घालावा लागणार नाही अशी डाय बनवणं आणि हाताला चिमटा देणं यांत पहिलं कधीही सरस.

आता रोजचं. पाळी सुरू होताना डाय रिकामी ठेवून चार-पाच स्ट्रोक मारा आणि रॅम वर नेमका कुठे थांबतो ते बघा. क्रँक वरच्या टोकावर न थांबता पुढे ओघळत असेल तर ब्रेकचं लायनिंग झिजलंय, सैल आहे किंवा त्यावर तेल गेलंय. एका दाबात दोनदा मारत असेल तर पिनची स्प्रिंग मेलीय किंवा पिनची कड झिजलीय. असा प्रेस त्याच क्षणी बंद. 'एवढा लॉट काढून घेऊ' हे वाक्य या मशीनवर चालत नाही. पेडलला वरून आणि बाजूंनी झाकणारी पेटी हवी, कारण हातातून सुटलेला जॉब (कामाचा तुकडा) पेडलवर पडला तरी स्ट्रोक बसतो.

बोटं सर्वांत जास्त जातात ती मात्र नेहमीच्या कामात नव्हे, तर तुकडा डायमध्ये अडकला म्हणून उचकटताना. त्यासाठी पितळी आकडा साखळीने प्रेसलाच बांधून ठेवा; शोधावा लागला तर बोटच पुढे होतं. डाय बदलताना मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्यावर रॅमखाली ठोकळा लावायचा आणि मगच हात घालायचा. आणि एक, तुम्ही मालक आहात म्हणून : नगावर पैसे देत असाल तर पिंजरा काढून टाकायला तुम्हीच भाग पाडताय.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय करून एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. हात काळे होतात, कापतात, म्हणून मी जाड कापडी हातमोजे घेऊन दिले. सुपरवायझर घालू देत नाहीत. हा कसला नियम?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, सुपरवायझर बरोबर आहेत. मोजे कापण्यापासून वाचवतात, पण लेथ, ड्रिल, मिलिंग अशा फिरत्या यंत्रांवर धोका ओढून घेतलं जाण्याचा असतो. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालणारा जॉब सेकंदाला दहा वेळा फिरतो. उघड्या हाताला जॉबचा स्पर्श झाला तर कातडी सोलवटेल. मोज्याचा एक धागा चिपला (कापताना निघणाऱ्या धातूच्या वळ्याला) अडकला तर मोजा गुंडाळला जाईल आणि आतली बोटं, मनगट त्याच्याबरोबर जातील. हात मागे घेऊ हा विचार पुरा व्हायच्या आत दोन-तीन फेरे झालेले असतात.

तोच नियम राखीला, मनगटातल्या गंड्यादोऱ्याला, कड्याला, अंगठीला, गळ्यातल्या रुमालाला आणि ओळखपत्राच्या पट्टीलाही. पूर्ण बाही असेल तर बटण लावलेली, नाहीतर कोपराच्या वर. बाही दुमडायची तर आतल्या बाजूला. बाहेर दुमडली तर घडीत चिप अडकते.

हात कापतात ते बहुतेक चिपमुळे. मुलाला सांगा, लांब गुंडाळलेली चिप हाताने ओढायची नाही. यंत्र थांबवून आकड्याने काढायची. आकड्याच्या मुठीला बोट अडकेल अशी कडी नसावी. पॉलिश पेपर बोटांभोवती किंवा जॉबभोवती गुंडाळून धरायचा नाही, लाकडी पट्टीला लावून टेकवायचा. चकची (जॉब धरणाऱ्या पकडीची) किल्ली चकमधून निघाल्याशिवाय हात किल्लीवरून सुटता कामा नये. किल्ली आत राहिली आणि मशीन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते. हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या भागाच्या) मागून लांब बार बाहेर डोकावत असेल तर त्याला आधाराची नळी हवी, कारण वेग वाढला की बार वाकतो आणि चाबकासारखा फिरतो.

काळे हात कामाआधी बॅरियर क्रीम लावून आणि नंतर साबणाने धुऊन सुटतात. थिनर किंवा डिझेलने धुवू देऊ नका, त्याने कातडी फाटते आणि कूलंटची (यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाची) खाज सुरू होते. तुमचे मोजे वाया जाणार नाहीत : पत्रे उचलताना, कास्टिंग हलवताना, यंत्र बंद असताना ते हवेतच.

प्रश्न : चार इंची ग्राइंडरचा गार्ड काढून पाच किंवा सात इंची डिस्क लावली की काम भराभर होतं. सगळेच लावतात. डिस्क फुटते हे खरं का?
— फॅब्रिकेटर, गोकुळ शिरगाव

उत्तर : खरं आहे, आणि का फुटते ते डिस्कवरच छापलेलं असतं. रेझिनच्या डिस्कची कड सेकंदाला ८० मीटर या वेगापर्यंत टिकेल असं धरून ती बनवतात. त्या हिशेबाने १०० मिलिमीटरच्या डिस्कला मिनिटाला सुमारे १५,२०० फेऱ्या चालतात, १२५ला १२,२०० आणि १८०ला फक्त ८,५००. चार इंची ग्राइंडर रिकामा ११,०००च्या आसपास फिरतो. त्यावर सात इंची डिस्क लावली की कड मर्यादेच्या सव्वापट वेगाने पळते, तीही गार्ड नसताना, पोटाच्या उंचीवर. पाच इंची आकड्यांत बसते, पण ती लावायला गार्ड काढावा लागतो आणि खरा प्रश्न तोच आहे. लाकूड कापायचं दात्यांचं पातं तर ग्राइंडरला कधीच लावू नका. ते अडकलं की यंत्र हातातून उलटं येतं.

डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, ती वापरायची शेवटची मुदत. तीन वर्षांनी रेझिन कमकुवत होतं. ओल लागली तर त्याआधीच. पावसाळ्यात डिस्क जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. कटिंग डिस्कच्या बाजूने घासू नका, ती कडेने कापण्यापुरतीच बनवलेली असते. नवी डिस्क लावली की ग्राइंडर अंगापासून दूर धरून मिनिटभर रिकामा चालवा.

तुम्ही विचारलं नाही, पण प्रत्येक शॉपमध्ये असतो म्हणून बेंच ग्राइंडरचं सांगतो. टूल रेस्ट (तुकडा टेकवायची पट्टी) आणि चाक यांतली फट ३ मिलिमीटरच्या आत, वरच्या पट्टीची ६च्या आत. चाक झिजत जातं तशी फट वाढते आणि हातातला लहान तुकडा तिच्यात खेचला जातो. मग चाक फुटतं किंवा अंगठा जातो. रेस्ट सरकवायची ती चाक थांबल्यावरच. नवं चाक बसवण्याआधी भोकातून बोट घालून लटकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका : घंटेसारखं वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे. दोन्ही बाजूंचे कागदी वायसर फाडून फेकू नका. फ्लँजचा (चाक आवळणाऱ्या तबकड्यांचा) दाब ते सगळीकडे सारखा पसरवतात. ॲल्युमिनियम या चाकावर घासू नका. ते चाकात भरून बसतं, चाक तापतं आणि तडकतं.

प्रश्न : मशीन स्वच्छ करून झाल्यावर एअर गनने अंगावरची धूळ उडवली तर काय बिघडतं?
— ऑपरेटर, चाकण

उत्तर : लाइनमधली हवा ७-८ बारची असते. जखमेतून किंवा ओरखड्यातून ती कातडीखाली शिरते, कान-डोळ्याजवळ गेली तर पडदा फाटतो, आणि उडालेला धातूचा कीस शेजारच्याच्या डोळ्यात जातो. थट्टेने कुणाच्या अंगावर नोझल धरण्याचे प्रकार जीवावर बेतले आहेत. धूळ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा.

प्रश्न : कन्व्हेयरचा बेल्ट जोडताना मी इमर्जन्सी स्विच दाबून ठेवला होता. तरी कोणीतरी तो फिरवून मशीन चालू केलं. थोडक्यात वाचलो. यापुढे काय करू?
— मेंटेनन्स फिटर, वाळूज

उत्तर : इमर्जन्सी स्विच यंत्र थांबवायला आहे, काम करायला नाही. तो कंट्रोलचं सर्किट तोडतो. पॅनेलमध्ये पॉवर तशीच असते आणि जाता-येता कोणीही तो फिरवून सोडू शकतो. काम करायचं तर आयसोलेटर (यंत्राची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली एकच, आणि ती तुमच्या खिशात. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. त्यासाठी सहा भोकांचा हॅस्प (अनेक कुलपं अडकवायची कडी) मिळतो. कुलपावर नाव, खातं आणि वेळ लिहिलेला टॅग.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात : स्टार्ट बटण दाबून बघा. पॅनेलवरची नावं चुकीची असणं, एका यंत्राला दोन फीडर (वीजपुरवठे) असणं हे नेहमीचं. बटण दाबूनही काही हललं नाही, तर बटण परत बंद स्थितीत आणा आणि काम धरा. विजेचं काम असेल तर टेस्टर आधी चालू लाइनवर तपासा, मग तुमच्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर.

वीज गेली म्हणजे सगळी शक्ती गेली असं नाही. सिलिंडरमधली हवा सोडा, वर अडकलेल्या भागाला टेकू लावा, ताणलेली स्प्रिंग मोकळी करा. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं साठलेली राहते. किती थांबायचं ते ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. पाळी बदलली तर कुलूप दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. तुमचं निघेल तेव्हा त्याचं लागलेलं असलं पाहिजे.

प्रश्न : दरवर्षी मे महिन्यात शेडचे सिमेंटचे फुटके पत्रे बदलतो. ठेकेदाराची माणसं बोल्टच्या रेषेवरून चालतात आणि 'काही होत नाही' म्हणतात. सेफ्टी बेल्ट दिला की पुरे ना?
— लघुउद्योजक, अंबड, नाशिक

उत्तर : पुरे नाही. बोल्टखाली पर्लिन (पत्र्याला आधार देणारी आडवी तुळई) असते म्हणून तिथे पाय टाकतात, पण पाय दहा सेंटिमीटर सरकला की पत्रा सरळ तुटतो. तो वाकत नाही, करकरत नाही. सूचना न देता फुटतो. शेवाळ आणि धुळीने उजेडाचे प्लास्टिक पत्रेही बाकीच्यांसारखेच दिसू लागतात, ते आणखी कच्चे.

पहिली निवड खालून काम करण्याची : शेडमध्ये सिझर लिफ्ट किंवा मचाण. वर चढायचंच असेल तर किमान ६० सेंटिमीटर रुंदीच्या फळ्या, निदान तीन पर्लिनवर टेकतील इतक्या लांब, आणि दोन संच : एकावर उभं राहून दुसरा पुढे सरकवायचा. खाली जाळी.

बेल्टबद्दल एक हिशेब करा. कमरेचा बेल्ट नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. १.८ मीटरची दोरी, धक्का झेलणारी पट्टी उलगडली की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, त्याखाली पाठीच्या कडीपासून माणसाचे पाय सुमारे दीड मीटर, आणि वर थोडी सूट : दोरी अडकवलेल्या जागेखाली सहा मीटर मोकळे लागतात. तुमची शेड पाच मीटरची असेल आणि दोरी पायापाशी बांधली असेल, तर हार्नेस पडणं पूर्ण थांबवायच्या आधी माणूस फरशीवर आदळेल. म्हणून दोरी आखूड आणि अँकर जितका उंच तितका चांगला, तोही पत्र्याच्या हुकाला नव्हे, ट्रसला (छताच्या मुख्य सांगाड्याला).

शिडी चारास एक : चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर पुढे, आणि वरचं टोक छताच्या काठावर एक मीटर निघालेलं, बांधलेलं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, तेव्हा ते वरून फेकून फोडू नका. ओले करून अख्खे उतरवा. आणि ठेका देताना मजुरीच्या दरात फळ्या आणि जाळी धरलीय का ते आधी विचारा, नाहीतर ती साइटवर दिसणारच नाहीत.

प्रश्न : लूमच्या आवाजाने कान बधिर होतात. कापूस घातला तर चालेल?
— विणकर, इचलकरंजी

उत्तर : कापूस आवाज जवळपास अडवतच नाही. फोमचे इअरप्लग वापरा, पण नीट : प्लग बोटांत वळून बारीक करा, विरुद्ध हाताने कानाची पाळ वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरा. बरोबर बसला तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. हात तेलकट असतील तर आधी धुवा.

प्रश्न : सांडपाण्याच्या टाकीचा गाळ काढायला हेल्परला उतरवतात. 'वास येत नाही म्हणजे गॅस नाही' हे कितपत खरं?
— केमिकल प्लांटमधील कर्मचारी, रायगड

उत्तर : उलटं असू शकतं. हायड्रोजन सल्फाइडला कमी प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो, आणि गाळ ढवळला की नव्याने सुटतो. झाकण उघडल्यावर शुद्ध वाटलेली टाकी अर्ध्या तासात विषारी होते.

उतरण्याआधी आत येणारे पाइप नुसते व्हॉल्व्हने नव्हे, ब्लँक (पाइप पूर्ण बंद करणारी तबकडी) लावून बंद करा. ब्लोअरने हवा खेळवा. ऑक्सिजनचं सिलिंडर सोडू नका, कपडे ठिणगीने पेट घेतील. गॅस मोजायचा मीटर दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडून मोजा : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. मीटर उतरणाऱ्याच्या अंगावर शेवटपर्यंत चालू राहू द्या. दिवा २४ व्होल्टचा. अंगावर हार्नेस, वर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर गुंडाळून माणूस वर ओढायचं यंत्र), आणि तोंडाशी एक माणूस, ज्याला दुसरं काही काम नाही.

आतला कोसळला तर त्या माणसाने आत उडी मारायची नाही. विंच फिरवायचं आणि मदत बोलवायची. एकाच टाकीत दोन-तीन जण जातात ते एकामागून एक वाचवायला उतरतात म्हणून.

प्रश्न : बोट तुटलं तर तुटलेला तुकडा बर्फात घालून नेतात. बरोबर आहे का?
— प्रथमोपचार पेटी सांभाळणारी कर्मचारी, कागल

उत्तर : थेट बर्फात नाही, त्याने पेशी गोठून मरतात. तुकडा ओल्या, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. तुकडा पाण्यात बुडवू नका, डेटॉल ओतू नका. जखमेवर कापडाची घडी दाबून धरा, हात वर ठेवा, वेळ लिहून घ्या. प्लास्टिक सर्जन आणि सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय कोणतं, ते आजच फोन करून विचारा आणि पेटीच्या झाकणावर लिहा; अपघाताच्या दिवशी शोधत बसलात तर तास जातात. भाजल्यास वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको. डोळ्यात रसायन गेल्यास पापण्या उघड्या धरून निदान १५-२० मिनिटं पाणी, मग दवाखाना. पाणी चालू असतानाच रसायनाचं लेबल कोणाला तरी शोधायला लावा.

प्रश्न : कंत्राटी कामगार आहे. हात यंत्रात आला तेव्हा ठेकेदाराने दवाखान्यात 'घरी पडलो' असं सांगायला लावलं. आता काय?
— रांजणगाव

उत्तर : ती नोंद बदलून घ्यायचा प्रयत्न लगेच करा, उशीर होईल तितकं अवघड. कामावर झालेल्या इजेचा ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो, तिथे वर्गणीचे दिवस मोजत नाहीत. काम करता येत नाही तोवर सरासरी मजुरीच्या ९० टक्के पैसे मिळतात, आणि कायमचं अपंगत्व राहिल्यास मेडिकल बोर्ड ते ठरवून पुढचा लाभ सुरू करतं. 'घरी पडलो' म्हटलं की यातलं काही नाही, फक्त साधी आजारपणाची रजा उरते.

ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या : तारीख, वेळ, यंत्र, काय काम चाललं होतं, जवळ कोण होतं. त्या दिवशीची हजेरी, गेटची नोंद, दवाखान्याचा पहिला कागद आणि सहकाऱ्यांचे जबाब जोडा. ठेकेदाराने तुमचं नाव ईएसआयसीत घातलंच नसेल तरी ज्या कारखान्यात काम करता त्याची जबाबदारी सुटत नाही. योजना तिथे लागूच नसेल तर भरपाई मालकाकडून मागता येते. अपघाताची तक्रार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही करा. ते यंत्र अजून तसंच चालू असेल, तर तेही अर्जात लिहा.